गर्भपात गुन्हा आहे काय?

आमच्या एका वाचकभगिनीने नाव न घालता पाठविलेल्या पत्रात एक साधा प्रश्न विचारला आहे. सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे' अशी पाटी असते. शेजारीच एखाद्या भित्तिपत्रकावर बाळाचे चित्र आणि खाली 'भ्रूणहत्या महापाप' असे शब्द असतात. मग नको असलेला गर्भ काढून घेणे हाही गुन्हाच नव्हे काय, असे त्या विचारतात.

उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रात, पात्र डॉक्टरकडून, ठरवून दिलेल्या मुदतीत व कारणांसाठी केलेला गर्भपात आपल्या देशात १ एप्रिल १९७२ पासून कायदेशीर आहे. अर्धशतक उलटून गेले. तरीही कामशेतच्या माझ्या दवाखान्यात नाणे मावळातून, पवन मावळातून येणाऱ्या दहा बायकांना विचारले तर आठ-नऊ जणी 'बंदी आहे' असेच सांगतील. शिकलेल्याही सांगतात. बंदी लिंग पाहण्याला आहे, गर्भपाताला नाही, हे सांगितले की चेहऱ्यावर अविश्वास दिसतो. हा गोंधळ कसा झाला आणि त्याची किंमत कोण मोजते, याविषयी आज लिहावयाचे आहे.

हा प्रश्न आपल्याकडे अमेरिकेतून आला, असे काही मंडळींना वाटते. तसे नाही. पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी लहान वयात विधवा झालेल्या, पुन्हा लग्नाची मुभा नसलेल्या बायकांना कोणा आप्तापासून दिवस जात. मग जडीबुटी, नाहीतर विहीर, नाहीतर जन्मलेल्या बाळाच्या नरड्याला नख. बाई काळ्या पाण्यावर जाई आणि तो आप्त ओसरीवर बसून पान खाई. जोतीरावांनी त्या बायकांना पापाचा उपदेश केला नाही. गुपचूप येऊन बाळंत होण्याची सोय केली. तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला असल्याच गुन्ह्याबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर झोड उठवली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. म्हणजे ही चर्चा मराठीत सव्वाशे-दीडशे वर्षे चालू आहे, आणि ती सुरू करणारी माणसे आपल्याच जिल्ह्यातली व राज्यातली होती.

कायदा मात्र इंग्रजांचा होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३१२ प्रमाणे बाईचा जीव वाचविण्यासाठी नसेल तर गर्भपात घडविणे हा गुन्हा ठरला. शिक्षा करणाऱ्याला आणि स्वतःच स्वतःचा गर्भपात करणाऱ्या बाईलाही. ज्याच्यामुळे दिवस गेले त्याचा त्या कलमात कोठे उल्लेख नाही. इंग्लंडने १९६७ मध्ये आपला कायदा बदलला. आपण त्याआधीच विचाराला लागलो होतो. १९६४ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम घडविले जातात असा अंदाज मांडला. त्यातले बहुतेक सुईणी, वैदू, कंपाउंडर यांच्या हातून होत. पपईचा चीक, गावठी काढे, झाडाची काडी ही त्यांची हत्यारे. आत काडी राहिलेल्या, धनुर्वात झालेल्या बायका रुग्णालयात आणल्या जात. आमचे शिक्षक अशा वॉर्डांच्या हकिगती वर्गात सांगत असत.

शहा समितीच्या अहवालावरून तयार झालेला कायदा संसदेने १९७१ मध्ये मंजूर केला. त्यावर रस्त्यावर मोर्चे निघाले नाहीत, निवडणुका लढल्या गेल्या नाहीत. आपल्या संसदेने शहाणपणा दाखविला हे खरे; पण मला त्यात एक उणीवही दिसते. त्या वर्षांत सरकारच्या डोक्यात लोकसंख्या होती. बाईचा हक्क हा शब्द कायद्यात कोठेही आला नाही. दंड संहितेतला गुन्हा तसाच ठेवून डॉक्टरला सूट देणारा अपवाद, अशी त्या कायद्याची बांधणी आहे. २०२४ च्या १ जुलैपासून जुनी संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, तरी तो गुन्हा कलम ८८ म्हणून नव्या संहितेत उतरलाच. बाईने मागणी करावयाची आणि डॉक्टरने 'मत' बनवावयाचे. मी स्वतः डॉक्टर आहे, तरी म्हणतो की हा कायदा बाईपेक्षा डॉक्टरला सांभाळण्यासाठी लिहिला गेला.

आणि सरकारचे मन बदलले की बाईचे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पुढे १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून अधिक अपत्ये झालेला माणूस ग्रामपंचायतीला उभा राहू शकत नाही, असा नियम आला. या नियमाचे परिणाम आमच्याकडे पॅनेल ठरायच्या आधीच्या महिन्यांत दिसतात. दोन मुली असलेल्या भावी सदस्याच्या घरात काय बोलणी होत असतील, ते वाचकांना सांगावयास नको.

आता गोंधळाच्या मुळाकडे येतो. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्भजल तपासून मुलगा की मुलगी सांगणारी केंद्रे निघाली. आता थोडे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकत. याविरुद्ध मुंबईतील महिला संघटना, डॉक्टर, वकील उभे राहिले आणि त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, तो १९९६ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. त्याची अंमलबजावणी होईना म्हणून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. अर्जदारांत पुणे जिल्ह्यातच काम करणारी 'मासूम' ही संस्था होती. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तो हवाच होता. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील एक हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. हे आकडे वाचून ज्याला लाज वाटत नाही त्याच्याशी काय बोलणार?

या चळवळीने एक गोष्ट फार जपून केली होती. तिने लिंगनिदानाला विरोध केला, गर्भपाताला नव्हे. १९९४ चा कायदा नीट वाचा, त्यात गर्भपाताला मनाई करणारे कलम सापडणार नाही. परंतु सरकारी प्रचारात जो शब्द रूढ झाला तो 'स्त्रीभ्रूणहत्या'. भ्रूणहत्या हा शब्द धर्मशास्त्रातल्या महापातकांच्या यादीतला आहे. पाटीवर तो आला, आणि काही वर्षांत 'स्त्री' गळून पडून नुसती 'भ्रूणहत्या' उरली. मुलगी वाचविण्यासाठी काढलेल्या शब्दाने तिच्या आईलाच पापी ठरविले. सोपे घोषवाक्य शोधण्याच्या नादात असे होते.

मग २०१२ साल उजाडले. बीड जिल्ह्यातील परळी येथे एका बाईचा गर्भपातात मृत्यू झाला आणि त्या रुग्णालयाचे प्रकरण उघडकीस आले. संबंधित डॉक्टरला पुढे न्यायालयाने शिक्षाही दिली. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला एका बाईच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तेथे होमिओपॅथीची पदवी असलेला माणूस हे करीत होता. दोन्ही ठिकाणी बाई मेली तेव्हाच सरकार जागे झाले, हे ध्यानात ठेवावे.

जागे झालेले सरकार जे करते तेच झाले. सगळीकडे झडत्या. गर्भपाताच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, नोंदी, हिशेब यांची अशी तपासणी सुरू झाली की औषध दुकानदारांनी ती गोळी ठेवणेच बंद केले. कशाला नसती आफत, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. गर्भपात केंद्राची मान्यता असलेल्या काही डॉक्टरांनीही हात आखडता घेतला. कायदा न बदलता, विधानसभेत एक शब्द न उच्चारता, एक दार जवळजवळ बंद झाले. खून केल्याचे कलम लावावे अशीही मागणी त्या वर्षी राज्यात पुढे आली होती. ती कायदा झाली नाही, पण डॉक्टरच्या मनात बसायची ती धास्ती बसली.

यात सर्वांत जास्त भरडली जाते ती दोन मुलींची आई. तिची पाळी दहा-पंधरा दिवस चुकलेली असते. तिसरे मूल नको असते. मुलगा नको, मुलगीही नको, मूलच नको. भातलावणी तोंडावर, नवरा कंपनीत ठेक्यावर, अंगात रक्त आठ-साडेआठ. ती सहाव्या-सातव्या आठवड्यातच डॉक्टरकडे जाते, म्हणजे अगदी शहाण्यासारखी वागते. आणि तेथे तिला विचारले जाते, 'आधीच्या मुलीच आहेत ना? मग नको, आमच्या मागे चौकशी लागेल.' वास्तविक सोनोग्राफीत लिंग कळू लागते ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. (रक्ताच्या नव्या चाचण्यांत दहाव्या आठवड्याच्या सुमारास कळू शकते, पण त्यासाठी ती करणेही गुन्हाच आहे.) सातव्या आठवड्यात आलेल्या बाईवर लिंग पाहून आल्याचा संशय घेणे म्हणजे वैद्यकीय अज्ञान आहे. तिला परत पाठविले की ती लोणावळा, तळेगाव, पिंपरी असे हेलपाटे घालते. पैसे जमवते. चौदावा आठवडा उजाडतो. आता धोका वाढलेला, खर्च तिप्पट, आणि आता खरोखरच संशयाला जागा झालेली. आपणच तिला त्या जागी ढकलले, असे कोणी म्हणत नाही.

काही जणी हेलपाटे घालीत नाहीत. कोणाच्या तरी ओळखीने चौपट पैशांत गोळ्यांचे पाकीट आणतात आणि घरी घेतात. २०१५ सालच्या गर्भपातांचा अंदाज बांधणारा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी. या गोळ्या (मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल) वाईट नाहीत. लवकर आणि देखरेखीखाली घेतल्या तर फार सुरक्षित आहेत, काडीच्या जमान्याच्या मानाने वरदानच. पण गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे गोळीला कळत नाही. नळीतला गर्भ फुटला तर काही तासांत जीव जातो. म्हणून आधी तपासणी हवी. गोळीनंतर तासाला दोन मोठे पॅड भिजू लागले आणि असे दोन तास चालले, ताप आला, घेरी आली, पोटात एका बाजूला असह्य दुखू लागले, तर घरात थांबू नये. आणि रुग्णालयात गेल्यावर गोळी घेतल्याचे लपवू नये. एका बाईला तिच्या सासूने पडवीतून पडली म्हणून माझ्याकडे आणले होते. हिमोग्लोबिन चारच्या घरात. तिला पुण्याला पोचवेपर्यंत माझे लक्ष घाटाकडच्या वाहतुकीच्या बातमीवर होते. ती वाचली. ती वाचली म्हणून येथे लिहितो आहे, बाकीच्यांविषयी लिहीत नाही.

कायद्यात दरम्यान चांगले बदल झाले, ते मात्र पाटीवर येत नाहीत. २४ सप्टेंबर २०२१ पासून वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेली वा घटस्फोट झालेली, अपंग, अशा काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरविते. बाईचा जीव तातडीने वाचवावयाचा असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. या व्यंगाच्या तरतुदीमागे मुंबईच्या निकेता मेहता यांचा २००८ चा खटला आहे. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे वीस आठवडे उलटल्यावर कळले, उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांनी हा प्रश्न पुढे अनेक वर्षे न्यायालयात लावून धरला. डॉक्टरने पेशंटसाठी कोर्टाची पायरी चढणे आपल्याकडे दुर्मिळ, म्हणून मुद्दाम नाव लिहिले.

जुन्या कायद्यात साधन फसल्याचे कारण फक्त 'विवाहित स्त्री वा तिचा पती' यांनाच सांगता येई. २०२१ मध्ये तेथे 'स्त्री वा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या मुभेतही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असा निकाल दिला. तो देणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले घराणे. त्याच वर्षी २४ जूनला अमेरिकेच्या न्यायालयाने १९७३ पासून तेथील स्त्रियांना असलेला हक्क काढून घेतला होता. ज्या देशाकडे आपण सुधारणेसाठी पाहतो त्याच्या आपण या बाबतीत पुढे आहोत, हे अभिमानाने सांगावयास हरकत नाही.

धर्मभावनेने गर्भपात अयोग्य मानणारे वाचक आहेत. त्यांनी तो करू नये. कोणी त्यांना सक्ती करीत नाही आणि करूही नये. मलाही ते काम आनंदाचे कधी वाटले नाही. पण आपली श्रद्धा दुसरीच्या अंगावर कायदा म्हणून लादली की काय होते, ते शेजारच्या बेळगावकरांना विचारा. तेथील दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये होत्या. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे उघड झालेले, तरी गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांनी मागूनही गर्भ काढला गेला नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला त्या गेल्या, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आयर्लंडच्या लोकांनी २०१८ मध्ये मतदान करून ते घटनाकलम रद्द केले.

आपल्याही न्यायालयात सारे सुरळीत आहे असे नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई सव्वीस आठवड्यांची मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिला नकार मिळाला. ती अंगावर पाजत होती, पाळी आलीच नव्हती, म्हणून दिवस गेल्याचे तिला उशिरा कळले. हे मी आमच्या मावळात किती वेळा पाहिले आहे! अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत ही समजूत अर्धीच खरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले, दिवसरात्र केवळ अंगावरचे दूध, आणि पाळी सुरू झालेली नसणे, या तिन्ही गोष्टी असतील तरच तिच्यावर थोडाफार भरवसा ठेवावा. पेज, वरण-भात सुरू केलात की तो भरवसा संपला.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी काही उपयोगाचे. आठवडे मोजताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजावे. संमती फक्त तुमची लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, ती मागणारे स्वतःच्या सोयीसाठी मागतात. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची संमती लागते, आणि लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यामुळे पोलिसांना कळवावे लागते. परंतु मुलीने वा पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे २०२२ च्या त्याच निकालात म्हटले आहे. अकरावी-बारावीतल्या मुलींच्या आया या एका भीतीने महिने घालवितात. तुमचे नाव डॉक्टरने बाहेर फोडले तर त्याला कैद होऊ शकते. मान्यतेचे प्रमाणपत्र केंद्रात दिसेल असे लावलेले असावे लागते, ते पाहून घ्यावे. नसेल तर उठून निघावे. ज्याला परवानगी नाही त्याने गर्भपात केल्यास किमान दोन वर्षे सक्तमजुरी आहे, आणि गावोगाव पेटी घेऊन फिरणाऱ्या 'डॉक्टरां'ची कात्रणे मी ठेवीत नाही, नाहीतर कपाट भरले असते.

जिल्हा आरोग्य खात्याला मात्र एक मागणी. लिंगनिदानाच्या पाटीचा खर्च होतोच आहे. त्याच भिंतीवर, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात, तालुक्यातील मान्यताप्राप्त गर्भपात केंद्रांची नावे, पत्ते आणि सरकारी रुग्णालयात खर्च किती, हे मोठ्या अक्षरांत लावावे. आशाताईंच्या वहीत ती यादी असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, अधिकाऱ्याची एक सही लागते.

गर्भपातानंतर लगेच तांबी बसवावी की थांबावे, हे पुढच्या आठवड्यात.